झिंकची गोळी घेण्याआधी

कळवणच्या शेतकऱ्याला झिंक नवं नाही. मक्याच्या कोवळ्या पानांवर पांढरट पट्टे दिसले की तो झिंक सल्फेटची पिशवी आणतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही मुळांना ते सहज उचलता येत नाही. लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की हेच झिंक मेडिकलमधून गोळीच्या रूपानं घरात येतं.

पुरुषाच्या शरीरात जस्ताचं काम मोठं आहे, यात वाद नाही. प्रोस्टेट ग्रंथी ते साठवते. रक्तापेक्षा वीर्यात ते कितीतरी पटींनी जास्त असतं. त्याची उणीव काय करते, हे बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी ओळखलं. इराणमधल्या शिराझला त्यांच्यापुढे २१ वर्षांचा तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांचा, जननेंद्रियांची वाढ खुंटलेली. खाणं म्हणजे बिनखमिराची रोटी, शिवाय माती. ही नोंद १९६१ साली छापून आली. पुढे इजिप्तमध्ये अशा मुलांना जस्त दिलं, तेव्हा त्यांची उंची वाढली आणि ती वयातही आली.

धान्या-कडधान्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं. नागली-कुळथाला मोड आणले, पीठ आंबवलं की ही पकड सैल होते. मोड आणायची आजीची रीत म्हणूनच मला गोळीपेक्षा मोलाची वाटते. अंडी आणि मटणातलं जस्त तर सहज अंगी लागतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम जस्त हवं.

उणीव नसेल तर? अमेरिकेत २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि फॉलिक ॲसिड दिलं. २०२० मध्ये निकाल आला: शुक्राणूंची संख्या, हालचाल, मुलं होण्याचं प्रमाण, कशातच सुधारणा नाही. उलट जास्त जस्त दीर्घकाळ घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं.

कांद्याच्या करप्यावर मारतात त्या मॅन्कोझेब या बुरशीनाशकातही थोडं जस्त असतं. पण तिथे काळजी जस्ताची नाही, त्या रेणूची आहे. प्रजननाला घातक ठरवून युरोपीय संघानं २०२० मध्ये त्याची मान्यता काढली. आपल्याकडे त्याच वर्षी २७ कीडनाशकांच्या बंदीचा मसुदा निघाला, त्यात त्याचं नाव होतं. तरी तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी चालूच आहे.

मूल होत नसेल तर बायकोच्या तपासण्या होतात, सप्तशृंगीला नवसही बोलला जातो. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र शेवटी, तीही झाली तर. खरं तर ती सगळ्यांत सोपी आणि स्वस्त. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून उपचारांचा गुण पाहायला तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.