गळा पाहून बांधलेली चाल

गोव्यातल्या मंगेशीच्या देवळात अभिषेकाची सेवा करणाऱ्या घराण्यात २१ सप्टेंबर १९२९ रोजी जितेंद्र अभिषेकी जन्मले. घराण्याचं मूळ आडनाव नवाथे. अभिषेकाच्या वृत्तीवरून ‘अभिषेकी’ रूढ झालं. वडील बाळूबुवा कीर्तनकार, म्हणून पहिली तालीम घरातच झाली. कीर्तनात आख्यान पुढे सरकता सरकता पद येतं, आणि त्याचा शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावा लागतो. पुढे अभिषेकींनी नाटकासाठी जे काम केलं, त्याची मुळं मला याच कीर्तनात दिसतात.

बाळूबुवांनंतर गिरिजाबाई केळेकरांकडे शिक्षण झालं. मग मुंबई गाठली. संस्कृत विषय घेऊन पदवी मिळवली आणि काही काळ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नोकरी केली. या नोकरीचा उल्लेख चरित्रांमध्ये एका ओळीत आटोपतो, पण संगीतकार म्हणून त्यांचा हात तिथे वळला. रेडिओवर गाण्याला ठरावीक मिनिटं मिळतात. तेवढ्यात मुखडा मनात बसला पाहिजे, अंतरा उमलला पाहिजे आणि समेवर यायला उशीर होऊन चालत नाही. मैफलीत तासभर ख्याल मांडणाऱ्या गवयाला हे शिकवणारी दुसरी शाळा नव्हती.

त्याच सुमारास सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि उस्ताद अजमत हुसेन खाँसाहेबांची तालीम सुरू झाली. खाँसाहेब स्वतः ‘दिलरंग’ या नावाने बंदिशी करत. आग्रा गायकीचे जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे ‘गुणिदास’, यांच्याकडेही अभिषेकी शिकले. बुवांचा जोगकंस हा राग आज सगळीकडे गायला जातो. पुढे जयपूर गायकीच्या ठेव्यासाठी त्यांनी गुलुभाई जसदनवालांकडे धाव घेतली. एका घराण्याचा गंडा बांधला की दुसऱ्या दारात पाऊल टाकायचं नाही, असं मानणारी मंडळी तेव्हा पुष्कळ होती. अभिषेकींनी मात्र दारं ठोठावली. बांधणारे गुरू लाभल्यामुळे त्यांनाही बांधायची ओढ लागली असावी. त्यांच्या स्वतःच्या बंदिशींवर ‘श्यामरंग’ ही मुद्रा आहे.

नाट्यसंगीताची तेव्हाची अवस्था लक्षात घेतली नाही, तर १९६४ सालचं महत्त्व कळत नाही. १८८२च्या ‘सौभद्रा’त शंभरावर पदं होती. वन्समोअर घेत नाटक रात्रभर चालायचं. १९३२ला मराठी बोलपट आला आणि संगीत रंगभूमीचे वासे फिरले. साठच्या दशकाच्या तोंडावर विद्याधर गोखल्यांच्या नाटकांनी तिला पुन्हा उभारी दिली. पण नव्या प्रेक्षकाला तीन तासांत घरी जायचं होतं आणि गोष्टही हवी होती. १९६४ला गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणलं, आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या अभिषेकींकडे संगीत आलं.

त्यांनी पदं मोजकी ठेवली. चाल अशी बांधली की शब्द आधी पोचावा आणि तानेला जागा राहावी, पण ती मोजूनमापून. त्याहून मोलाचं म्हणजे त्यांनी गळा पाहिला. पराशराच्या भूमिकेत रामदास कामत होते, कसलेला आणि दमदार आवाज. त्यांच्यासाठी फिरत घेणारी, वर चढणारी पदं केली. सत्यवती झालेल्या आशालता वाबगावकर मुळात अभिनेत्री. त्यांच्यासाठी ‘गर्द सभोवती’सारखी चाल झाली, जिच्यात गवयाची करामत लागत नाही, बोलता बोलता गाण्यात शिरता येतं. गायिका नसलेल्या बाईला गायिकेच्या चालीत कोंबायचं नाही, हा निर्णय आज साधा वाटतो. तेव्हा त्याला धैर्य लागलं असणार.

मग १९६६ला शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ आलं. त्यातलं ‘हे सुरांनो, चंद्र व्हा’ चारुकेशीत आहे. हा राग दक्षिणेकडचा. पूर्वांग शुद्ध स्वरांचं, उत्तरांगात धैवत-निषाद कोमल. अर्धं उजेडात आणि अर्धं सावलीत असलेलं हे स्वररूप त्या कवितेसाठी निवडणं, ही मला राग जाणण्यापलीकडची, कविता वाचता येण्याची खूण वाटते. संस्कृतचा अभ्यास इथे कामी आला, असं मी धरून चालतो. त्याच वर्षीच्या ‘लेकुरे उदंड जाली’मध्ये श्रीकांत मोघ्यांसाठी त्यांनी हलक्याफुलक्या, जवळजवळ संवादच असलेल्या चाली दिल्या. तेच गृहस्थ, तोच हात!

१९६७चं ‘कट्यार काळजात घुसली’ हा या सगळ्याचा कळस. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकाचा विषयच दोन गायकींची झुंज. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद अभिषेकींनी दोनदा बांधलं. प्रसाद सावकारांनी गायलेली चाल सालगवराळीत आहे. हाही कर्नाटक पद्धतीकडून आलेला राग. चाल ठाय, शब्दाला जपणारी. वसंतराव देशपांड्यांनी नाटकात रंगवलेल्या खाँसाहेबासाठी तेच शब्द धानीत आले. पाचच स्वर, ऋषभ-धैवत वर्ज्य, आणि त्या मोकळ्या जागांतून झेपावणारी तान. संवादातून सांगायला लेखकाला पानं लागली असती, तो फरक दोन चालींनी दाखवला.

शिकवण्याचं काम या धामधुमीतच सुरू होतं. मुलं घरी राहून शिकत. आधी लोणावळ्याला, पुढे पुण्याला. तिथेही नियम तोच, गळा पाहायचा. प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, राजा काळे, आशा खाडिलकर, देवकी पंडित, चिरंजीव शौनक ही नावं घेतली, तर एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही. गुरूची नक्कल करणारे शिष्य तयार होणं सोपं असतं. इतक्या निरनिराळ्या वाटांनी जाणारे शिष्य तयार होणं ही गुरूची कमाई आहे, आणि माझ्या मते ती त्यांच्या चालींहून तसूभरही कमी नाही.

१९८८ला पद्मश्री मिळाली. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. २०१५च्या ‘कट्यार’ चित्रपटातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे महेश काळे त्यांचेच शिष्य. आज ते अमेरिकेत शिकवतात.

चित्रपटामुळे ही गाणी नव्या पिढीपर्यंत गेली, हे चांगलंच झालं. पण वाचकहो, या दिवाळीत सावकार आणि वसंतराव यांची मूळ ध्वनिमुद्रणं एकामागून एक ऐका, आणि घरात कुणी गाणं शिकत असेल तर त्यालाही शेजारी बसवा.