प्रोग्राममधल्या न दिसणाऱ्या वाटा

१९९०च्या दशकात सी प्लस प्लसचे जाणकार हर्ब सटर यांनी प्रोग्रामरांना एक कोडे घातले होते. फंक्शन अगदी छोटे होते. कर्मचाऱ्याचे पद आणि पगार तपासायचा, तो सीईओ असेल किंवा त्याचा पगार मोठा असेल तर एक वाक्य छापायचे आणि शेवटी त्याचे पूर्ण नाव परत द्यायचे. या फंक्शनमधून प्रोग्राम किती वाटांनी जाऊ शकतो? सहज पाहिले तर तीन वाटा दिसतात. खरे उत्तर आहे २३! बाकीच्या २० वाटा कोडमध्ये कुठेच लिहिलेल्या नाहीत. नावाची प्रत करताना, दोन शब्द जोडताना, वाक्य छापताना एक्सेप्शन उठू शकते आणि प्रोग्राम हातातले काम तिथेच टाकून बाहेर पडतो.

प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्यांमधला एक जुना वाद नेमका या २० वाटांचा आहे. प्रोग्राम कुठे वळेल हे त्या त्या ओळीवर दिसावे, की भाषेने ते परस्पर सांभाळावे?

मार्च १९६८मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी प्रोग्रामला थेट दुसऱ्या ओळीवर उडी घ्यायला लावणाऱ्या ‘गोटू’ या आज्ञेविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केले. वाचणाऱ्याला प्रोग्रामचा माग काढता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. गोटू पुढे मागे पडला, पण एक्सेप्शनच्या रूपाने उडी परत आली. गोटूमध्ये निदान उडी घेणारी ओळ तरी दिसते. एक्सेप्शनमध्ये तीही दिसत नाही.

तरीही एक्सेप्शन आले ते गरजेपोटी. सी भाषेत फंक्शन एररचा आकडा परत देते आणि तो आकडा कोणी पाहिलाच नाही, तरी प्रोग्राम बिनदिक्कत पुढे जातो. एक्सेप्शनकडे असे दुर्लक्ष करता येत नाही. जावा भाषेने मधला मार्ग काढला. कोणते एक्सेप्शन उठू शकते हे काही बाबतींत फंक्शनच्या माथ्यावरच जाहीर करायचे. हेतू चांगला होता, पण कंटाळलेले प्रोग्रामर एक्सेप्शन झेलणारे ‘कॅच’ रिकामेच लिहून एरर गिळू लागले. सी शार्पचे शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग यांनी ही सक्ती आपल्या भाषेत घेतलीच नाही.

२००९मध्ये आलेल्या गो भाषेने उलटी बाजू धरली. तिथे एरर हे एक साधे मूल्य असते आणि ते त्याच ठिकाणी तपासण्याची रीत आहे. तीच तीन ओळींची तपासणी पानोपानी येते, ही तक्रार कायमची. २०१९मध्ये ती आटोपशीर करणारा ‘ट्राय’चा प्रस्ताव आला. साध्या फंक्शनसारख्या दिसणाऱ्या शब्दाआड बाहेर पडण्याची वाट लपेल, असा जोरदार आक्षेप निघाला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला.

मात्र सगळे लिहून काढले की भागते, असेही नाही. २०१४मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक दोष सापडला. प्रत्येक तपासणी स्पष्ट लिहिलेली होती, पण त्यांत ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरीवर कोणतीच अट नव्हती. त्यामुळे सर्व्हरची सही पडताळण्याआधीच फंक्शन बाहेर पडे, आणि तेही सारे ठीक असल्याचे सांगून. एकसारख्या ओळींच्या गर्दीत चूक नजरेतून निसटते.

म्हणूनच मला रस्ट आणि स्विफ्ट या भाषांची वाट पटते. स्विफ्टमध्ये २०१५पासून एरर फेकू शकणाऱ्या कॉलआधी ‘ट्राय’ लिहावेच लागते. रस्टमध्ये २०१६पासून एक प्रश्नचिन्ह पुरते: एरर असेल तर इथूनच परत. खूण एवढीशी, पण वाट ओळीवर न दाखवता कंपायलर एरर पुढे पाठवू देत नाही.

सगळेच दाखवायला हवे असेही नाही. वापरून झालेली मेमरी कधी मोकळी झाली, हे गो आपल्याला सांगत बसत नाही. तिथे निकाल बदलत नाही. पण एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी फंक्शन बाहेर पडले, तर काम अर्धवट राहते. अशी प्रत्येक वाट ओळीवर दिसलीच पाहिजे. कोड एकदा लिहिला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तो दुसरेच कोणी वाचत, दुरुस्त करत राहतात. लिहिणाऱ्याचे चार ठोके वाचवण्यापेक्षा त्या वाचणाऱ्यांचा हक्क मोठा आहे, आणि भाषा घडवताना कौल त्यांच्याच बाजूने पडायला हवा.