शेळ्यांचा पीपीआर रोग : ओळख व उपाय

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. गोंदिया शहरालगतच्या कुडव्यासारख्या गावात धानाची थोडी जमीन कसणाऱ्या अथवा मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास चार-पाच शेळ्या ही अडीअडचणीची शिल्लकच होय. पीपीआर हा सांसर्गिक रोग कळपात शिरल्यास ही शिल्लक पंधरवड्यात नाहीशी होऊ शकते.

रोगाचे कारण

हा रोग विषाणूंमुळे होतो. हे विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूंच्या जातकुळीतील आहेत. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ साली जाहीर झाले; पीपीआर मात्र अद्याप टिकून आहे. भारतात तो प्रथम १९८७ साली तामिळनाडूत आढळला. आजारी जनावराच्या नाकाडोळ्यांतील स्राव, लाळ, खोकला व विष्ठा यांवाटे तो निरोगी शेळ्यामेंढ्यांस जडतो. बाजारातून आणलेली एक शेळीही त्यास पुरेशी होते. माणसास हा रोग होत नाही.

लक्षणे

संसर्गानंतर साधारणतः चार ते सहा दिवसांनी १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढतो. जनावर चारा सोडते. नाकाडोळ्यांतून प्रथम पाण्यासारखा व पुढे घट्ट, पिवळसर स्राव येऊन नाकपुड्या बुजतात. हिरड्या, ओठ व जीभ यांवर व्रण पडतात. तोंडास दुर्गंधी येते. मागाहून हगवण लागते, धाप लागते व खोकला येतो. गाभण शेळ्या गाभडतात. करडांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते.

इतर रोगांपासून फरक

मावा रोगात ओठांवर खपल्या धरतात, पण सहसा हगवण नसते. लाळ्या-खुरकुतात खुरांमध्ये व्रण होऊन जनावर लंगडते. देवीत अंगावर, विशेषतः केस नसलेल्या जागी, पुटकुळ्या उठतात. ताप, नाकाडोळ्यांचा स्राव, तोंडातील व्रण व हगवण ही चारही लक्षणे एकत्र दिसल्यास पीपीआरचा संशय घ्यावा. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. त्यासाठी पशुवैद्यकाकरवी नमुने घेऊन ते बर्फात ठेवून पाठवावेत.

उपचार

विषाणूंवर खास औषध नाही. तथापि फुप्फुसदाह व इतर जंतूंचा उपद्रव रोखण्यासाठी पशुवैद्यक प्रतिजैविके देतात, आणि हगवणीने अंगातील पाणी घटल्यास सलाइन लावतात. पशुपालकाने पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने व्रण धुवावेत, नाकपुड्या स्वच्छ ठेवाव्यात, मऊ चारा व पातळ पेज द्यावी. गोठा कोरडा व उबदार असावा.

साथ रोखणे

आजारी जनावर तत्काळ वेगळे बांधावे. चारापाणी प्रथम निरोगी व नंतर आजारी जनावरांस द्यावे. मृत जनावर चुना टाकून खोल पुरावे. घाबरून आजारी शेळ्या बाजारात विकू नयेत. त्यायोगे स्वतःचे नुकसान पूर्ण टळत नाही, मात्र दुसऱ्या गावाचे निश्चित होते. २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार अशा रोगाची खबर ग्रामपंचायतीस अथवा गावाच्या अधिकाऱ्यास देणे मालकाचे कर्तव्य आहे.

लसीकरण

खरा उपाय लस हाच होय. चार महिन्यांवरील जनावरास १ मिलिलिटर लस कातडीखाली टोचतात. तिचे संरक्षण किमान तीन वर्षे टिकते. लस अखंड थंड ठेवावी व कालवल्यावर लवकर संपवावी. नवीन आणलेली शेळी तीन आठवडे कळपापासून दूर बांधावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील शेळ्यांची यादी करून, लस न टोचलेले एकही जनावर राहणार नाही, याची दक्षता घ्यावी.