डोंगरावरचा जुना सातबारा

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेणारे आपल्यात पुष्कळ. पण तिथल्या आणि जुन्नरभोवतीच्या इतर लेण्यांच्या भिंतींवर कोरलेली अक्षरे थांबून पाहणारा विरळाच. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुकडी, मीना आणि घोड नदीच्या या मुलखात समाज कसा नांदत होता, ते या लेखांतून कळते.

लेणी राजांनीच खोदवली, असा आपला समज असतो. लेख मात्र वेगळेच सांगतात. नाणेघाटाने कल्याण बंदराशी व्यापार चाले. त्या कल्याणच्या संघक नावाच्या सोनाराने लेण्याद्रीला पाण्याचे टाके दिले. दुसऱ्या एका टाक्याच्या दात्यांत लच्छिनिका ही स्त्री आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि टाके दान केले.

श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. आजच्या सहकारी सोसायटीची जुनी बहीणच म्हणा ना. श्रेणीकडे ठेव ठेवायची, मुद्दल तसेच राखायचे आणि व्याजातून धर्मकार्य चालवायचे, अशी तेव्हाची रीत. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांकडून दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडून दरमहा पाव, असा हिशेब आहे. बुरूड नि कासार यांच्या शब्दावर लोक पिढ्यान्‌पिढ्यांचा पैसा ठेवत होते. पत ही जातीवर वा थाटावर नव्हे, चोख व्यवहारावर उभी राहते, हे आजच्या पतसंस्थांनीही ध्यानात ठेवावे.

मानमोडीच्या लेण्यांतला एक लेख शेतकऱ्याने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. कोणाचिक श्रेणीतल्या अदुथुम नावाच्या उपासकाने दोन शेते दान दिली. हा शक, म्हणजे मूळचा परमुलखातला. वडालिका गावी करंजाजवळची वीस निवर्तने आणि कटपुतक गावी वडाजवळची नऊ. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. गाव, झाडाची खूण आणि क्षेत्र, सारे नोंदलेले. दगडावरचा सातबाराच हा!

पण या सातबाऱ्यात एक रकाना कोराच आहे. दान देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्यांची सोय आहे. त्या एकोणतीस निवर्तनांत नांगर धरणारा कोण होता, खुरपणी कोणी केली, याचा उल्लेख नाही. ज्यांच्या घामातून ते दान दरसाल पिकत होते, त्यांचे नाव दगडावर चढले नाही.

आपल्या कागदावर तरी ही उणीव राहू नये. नारायणगाव-मंचरच्या शिवारात आज टोमॅटोची तोडणी आणि कांद्याची लावण मुख्यतः बायकाच करतात. मग घरच्या लक्ष्मीचे नाव सातबाऱ्यावर आहे का? आज संध्याकाळी उतारा काढून घरातल्या सर्वांनी मिळून एकदा वाचावा. नाव नसेल तर तलाठ्याकडे जायला मुहूर्त पाहण्याची गरज नाही.