ओके (शब्द)

ओके (ओ.के. असेही लिहितात) हा अमेरिकन इंग्लिशमध्ये उगम पावलेला संमतिदर्शक शब्द आहे. "ठीक आहे", "मान्य आहे", "सुस्थितीत आहे" अशा अर्थांनी तो जगातील असंख्य भाषांत वापरला जातो. वृत्तपत्रातील एका थट्टेतून जन्मलेला हा शब्द मराठीतही बोलीभाषा, चित्रपटसृष्टी व राजकीय घोषणा यांमध्ये रुळला आहे.

व्युत्पत्ती

१८३० च्या दशकात बॉस्टन व न्यू यॉर्क येथील पत्रकारांत शब्दांचे मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्यांची आद्याक्षरे वापरण्याची टूम होती. "सर्व बरोबर" या अर्थाच्या "ऑल करेक्ट" या शब्दांची खरी आद्याक्षरे ए आणि सी. परंतु उच्चारानुसार विनोदाने केलेल्या स्पेलिंगमुळे ती ओ आणि के झाली. २३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या दैनिकात हे संक्षिप्त रूप छापून आले. कोलंबिया विद्यापीठातील भाषातज्ज्ञ ॲलन वॉकर रीड यांनी १९६३–६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांतून हा उगम दाखवून दिला. हा शब्द चॉक्टॉ या अमेरिकेतील मूलनिवासी भाषेतून आला, असे मत त्यापूर्वी प्रचलित होते.

प्रसार

त्या काळातील अशी बहुतेक विनोदी रूपे लवकरच विस्मृतीत गेली. ओके मात्र टिकला. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ओ.के. नावाचे क्लब काढले. व्हॅन ब्युरेन हे किंडरहुक गावचे असल्याने त्यांना "ओल्ड किंडरहुक" म्हणत व त्याची आद्याक्षरेही हीच होती. ते निवडणूक हरले, पण शब्द देशभर पोहोचला. पुढे तारयंत्रावर संदेश नीट मिळाल्याची खूण म्हणून त्याचा वापर झाला.

मराठीतील वापर

मराठीत "बरं", "ठीक आहे", "चालेल" हे पर्याय असूनही ओके त्यांच्या जोडीने वापरला जातो. "ओके करणे", "ओके होणे" अशी संयुक्त क्रियापदे त्यापासून बनली आहेत. जोर देण्यासाठी "ओक्के" असे द्वित्व केले जाते. चित्रीकरणात दृश्य मनासारखे झाल्यावर "शॉट ओके" म्हणण्याची पद्धत आहे. भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेला आणि वि. दा. सावरकरांनी सुचवलेला मानला जाणारा "दिग्दर्शक" हा शब्द चित्रपटसृष्टीने स्वीकारला. त्याच दिग्दर्शकाच्या तोंडी ओके मात्र कायम राहिला.

मालमोटारींच्या मागे रंगवला जाणारा "हॉर्न ओके प्लीज" हा मजकूरही सर्वपरिचित आहे. त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते, या कारणावरून महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर तो लिहिण्यास मनाई केली.

राजकारण व वृत्तमाध्यमे

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, तेव्हा सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून झालेले दूरध्वनी संभाषण प्रसारित झाले. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" असे वर्णन करून त्यांनी सर्व "ओक्के" असल्याचे सांगितले. वृत्तवाहिन्यांनी व समाजमाध्यमांनी ते उचलून धरले आणि त्यावर गाणीही निघाली. माणदेशी वळणाच्या मराठीत हा परका शब्द सहज मिसळून गेला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमधील पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर "पन्नास खोके, एकदम ओके" ही घोषणा दिली. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत "खोका" म्हणजे एक कोटी रुपये. पैसे घेतल्याचा आरोप शिंदे गटाने फेटाळला. घोषणा मात्र मथळ्यांत आणि सभांत कायम राहिली. खोके–ओके हे यमक मराठीत जुळते. अमेरिकेतील वृत्तपत्रातून निवडणुकीच्या प्रचारात गेलेला हा शब्द महाराष्ट्रात राजकीय घोषणेतून वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला.