हळदीतलं कुरकुमिन मोजतात कसं?

तायांनो, "आमची हळद इतकी पिवळीधमक, मग रिपोर्ट कशाला?" असं गटांत हमखास विचारतात. पण पिवळेपणा मेटॅनिल यलोनेही येतो, आणि खाण्यात त्या रंगाला बंदी आहे. अर्क काढणारे भाव ठरवतात तो कुरकुमिन बघून. ते हळदीत साधारण 2 ते 5 टक्के, म्हणजे किलोमागे 20 ते 50 ग्रॅम असतं.

कुरकुमिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून लॅबमध्ये पावडरीचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. तो बारीक नळीतून जाताना घटक सुटे होतात. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्यांच्या रेणूंना विजेचा भार देतं आणि वजनावरून ओळखतं. अणूंच्या मापात कुरकुमिनचं वजन 368, त्याच्या दोन बहिणींचं 338 आणि 308. डोळ्यांना मात्र तिघी पिवळ्याच! प्रमाण किती, ते शुद्ध कुरकुमिनच्या मोजून घेतलेल्या नमुन्याशी ताडून काढतात.

मशीनला जाते चिमूटभर पावडर. तेव्हा नमुना एकाच पोत्याच्या तोंडाशी काढू नका. प्रत्येक पोत्यातून वरची, मधली, खालची मूठ घ्या, एकत्र मिसळा, मग त्यातून द्या. उजेडाने कुरकुमिन घटतं, म्हणून पारदर्शक पिशवी नको. आणि रिपोर्टवरचा बॅच नंबर आपलाच आहे ना, तेवढं भाव बोलण्याआधी बघून घ्या.