खांदेरीची जलयात्रा : लाटांवरून वाचावयाचा इतिहास

मनमाड परिसरातील शाळांना किल्ला ही गोष्ट नवी नाही. मनमाडपासून जवळच उभी असलेली अंकाई-टंकाईची जोडी लोहमार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरते. अंकाईच्या पायऱ्या चढताना उभ्या कातळाचे महत्त्व विद्यार्थ्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. दम लागला की ते आपोआप समजते. १६३५ मध्ये मोगलांनी आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला का ताब्यात घेतला, याचे उत्तर माथ्यावरून दिसणाऱ्या विस्तीर्ण मुलखातच मिळते.

जलदुर्गाची गोष्ट मात्र वेगळी आहे. समुद्रापासून दूर वाढलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर जलदुर्ग म्हणजे पाण्याने वेढलेला तट एवढेच चित्र असते. त्या पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा आणि भरती-ओहोटीची वेळ हीसुद्धा युद्धाची साधने होती, ही बाब पाठ्यपुस्तकातून पुरेशी उमगत नाही. ती उमगावी यासाठी एखादा दिवस होडीतून प्रवास करावा आणि जाणत्या मार्गदर्शकाकडून तो परिसर समजून घ्यावा, हा उत्तम मार्ग होय. अशा सहलीसाठी रायगड जिल्ह्यातील थळच्या समुद्रातील खांदेरी हे स्थळ विशेष उपयुक्त आहे. इ. स. १६७९ मध्ये या लहानशा बेटासाठी झालेला संग्राम मराठी आरमाराच्या इतिहासातील एक निर्णायक प्रकरण आहे.

स्थान आणि महत्त्व

मुंबई बंदराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, अलिबागनजीकच्या थळ गावासमोर दोन बेटे आहेत. किनाऱ्याच्या जवळचे ते उंदेरी आणि त्याच्या पलीकडे खुल्या समुद्राकडील ते खांदेरी. थळपासून खांदेरीचे अंतर सुमारे पाच किलोमीटर आहे. बेटावर दोन टेकड्या असून त्यांच्यामधील सखल भागाजवळ होड्या लागतात.

नकाशावर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या या बेटाचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. मुंबई बंदरात जाणारी-येणारी गलबते येथून टिपता येत. दंडाराजपुरीच्या सिद्दीचे आरमार मुंबईच्या आश्रयास ये-जा करीत असे, त्यावरही येथून लक्ष ठेवता येई. म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांनी येथे तटबंदी उभारण्याचे ठरविले. १६७२ मधील पहिला प्रयत्न इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे सिद्धीस गेला नाही. तथापि तो विचार सोडून देण्यात आला नव्हता.

१६७९ चा संग्राम

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दीडशे माणसे बेटावर उतरली आणि बांधकामास प्रारंभ झाला. मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बेटावर आपला हक्क सांगितला व ते सोडून जाण्यास फर्माविले. मराठ्यांनी नकार दिला. तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी करण्यासाठी जहाजे पाठविली. सप्टेंबरमध्ये लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात तो स्वतः मारला गेला.

यानंतर कॅप्टन रिचर्ड केग्विन याच्या हाताखाली अधिक मोठा ताफा आला. ‘रिव्हेंज’ हे फ्रिगेट जहाज त्यातील प्रमुख होते. सोबत गुराबा, शिबाडे आणि मचवे अशी एतद्देशीय बांधणीची जहाजेही होती. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे दौलतखान यांच्या आधिपत्याखालील मराठी आरमार किनाऱ्याकडून वेगाने चालून आले. इंग्रजांच्या ताफ्यातील ‘डव्ह’ या गुराबेने निशाण उतरविले व ती मराठ्यांच्या हाती पडली. ताफ्यातील इतर लहान जहाजे मागे हटली. ‘रिव्हेंज’ने मात्र तोफांचा भडिमार करून टिकाव धरला. अखेर मराठी आरमार नागावच्या खाडीकडे परतले.

त्या एका दिवसाच्या लढाईचा विचार केल्यास कोणत्याही एका पक्षाला निर्विवाद विजय मिळाला असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांना ही गोष्ट जशी घडली तशीच सांगितली पाहिजे. कारण खरा निर्णय त्या दिवशी लागला नाही. तो पुढील आठवड्यांत लागला. नाकेबंदी चालू असतानाही बेटावर माणसे, धान्य आणि दारूगोळा पोहोचत राहिला आणि तटाचे काम थांबले नाही. नोव्हेंबरमध्ये सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीस आले, तरीही खांदेरी पडली नाही. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीचा ताबा घेऊन तेथे तटबंदी उभारली. इंग्रजांनी मात्र १६८० च्या आरंभी समेट करून आपली जहाजे काढून घेतली. शिवाजी महाराजांच्या आयुष्यातील अखेरच्या वर्षात हे कार्य पार पडले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर मोठी स्वारी केली. तीही अपयशी ठरली. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला.

लहान होड्यांचे बळ

मोठ्या तोफा असलेली जहाजे समोर उभी असताना बेटाला रसद कशी पोहोचत होती, हा प्रश्न विद्यार्थ्यांना होडीत बसल्यावरच विचारावा. उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

‘रिव्हेंज’सारखे जहाज मुख्यतः शिडांवर चाले. वारा पडला की ते जागीच खिळून राही. शिवाय त्याचा तळ पाण्यात खोल बुडत असल्याने उथळ भागात आणि खडकांजवळ त्याला शिरता येत नसे. मराठ्यांची गलबते हलकी, कमी खोल तळाची आणि वल्ह्यांवरही चालणारी होती. वारा पडला किंवा प्रतिकूल झाला तरी ती पुढे सरकत. मोठ्या जहाजाने पाठलाग केला की नागाव व थळच्या उथळ पाण्यात आश्रय घेत आणि रात्री अंधाराचा लाभ घेऊन बेट गाठत. या होड्यांच्या चपळाईपुढे आपली जहाजे अपुरी पडतात, ही तक्रार खुद्द मुंबईकर इंग्रजांच्या पत्रव्यवहारात नमूद आहे.

याचा अर्थ असा की खांदेरीचा पहिला तट दगडाचा नव्हता. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी, त्यातील खडक आणि भरतीची वेळ यांचे ज्ञान हाच तो तट होता. हे ज्ञान कोळी व भंडारी समाजातील दर्यावर्दींकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. राज्यकर्त्याने ते ओळखले आणि त्यावर विश्वास टाकला, यात या मोहिमेचे मर्म आहे.

तिथी आणि भरती

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारणपणे साडेबारा तासांहून किंचित कमी वेळ लागतो. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ४८ मिनिटांनी पुढे जाते. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला व अमावास्येला भरती मध्यान्हीच्या सुमारास येते. या दिवसांत पाणी सर्वांत अधिक चढते आणि सर्वांत अधिक ओसरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार सर्वांत कमी असतो. त्यास भांग म्हणतात.

यावरून किनाऱ्यावर एक सोपा हिशेब रूढ आहे. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागावे, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि द्वादशीला नऊ वाजता पूर्ण भरती. हा अंदाज ढोबळ असला तरी भिंतीवरचे पंचांग, चंद्राच्या कला आणि समुद्र यांचा संबंध वर्गातच समजावून देण्यास तो फार उपयोगी आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडूनच सहलीच्या दिवसाचा हिशेब करून घ्यावा आणि तो प्रसिद्ध होणाऱ्या भरतीच्या कोष्टकाशी पडताळावा. किनारा उथळ असल्याने होडी केव्हा सोडावयाची आणि केव्हा परतावयाचे, हे पाणीच ठरविते. दौलतखानांच्या आरमारावरही हेच बंधन होते.

बेटावर काय पाहावे

आजही तटबंदी आणि बुरूज बऱ्याच अंशी उभे आहेत. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसविलेल्या तोफा हे येथील विशेष आकर्षण आहे. १८६७ मध्ये बांधलेले दीपगृह आजही जहाजांना मार्ग दाखविते. कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे देऊळ येथे आहे. आघात केल्यास धातूसारखा नाद देणारा एक दगड मुलांचे कुतूहल जागे करतो. मात्र तटावर नावे कोरणे, दगड हलविणे यांस सक्त मनाई असावी.

तटावर उभे राहिल्यावर मार्गदर्शकाने तीन दिशा दाखवाव्यात. उत्तरेकडे मुंबई बंदराचा मार्ग, पूर्वेकडे उंदेरी व थळचा किनारा आणि दक्षिणेकडे नागावची बाजू. या तीन दिशा लक्षात आल्या की १६७९ चा संपूर्ण संग्राम डोळ्यांसमोर उभा राहतो. दंतकथा सांगण्यास हरकत नाही, परंतु ती दंतकथा आहे हेही सांगितले जावे.

१९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात खांदेरी आहे आणि नाशिक जिल्ह्यातील साल्हेरही आहे. बागलाणच्या डोंगरातील उत्तुंग गड आणि थळच्या समुद्रातील बेट एकाच यादीत यावेत, ही जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

प्रवासाची आखणी

मनमाडहून मुंबई रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर आहे. मनमाडहूनच सुटणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघाल्यास दुपारपूर्वी मुंबईस पोहोचता येते. गेट वे ऑफ इंडिया येथून मांडव्याला लाँच जाते व या प्रवासास सुमारे एक तास लागतो. मांडव्याहून मोटारीने अलिबाग गाठून तेथे मुक्काम करावा. दुसरा पूर्ण दिवस खांदेरीसाठी ठेवावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि प्रवासी जलवाहतूक बंद ठेवली जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा होय. बेटावर उतरण्यासंबंधी त्या वेळी लागू असलेले नियम आगाऊ जाणून घ्यावेत. पिण्याचे पाणी व फराळ बरोबर न्यावा आणि कचरा परत आणावा. पाणीटंचाईचा दीर्घ अनुभव असलेल्या मनमाडकरांना समुद्राच्या मध्यभागी गोड्या पाण्याची किंमत सांगावी लागणार नाही.

सुरक्षिततेला पर्याय नाही

समुद्र दुर्लक्ष सहन करीत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. या घटनांचे स्मरण प्रत्येक सहलप्रमुखाने ठेवावे.

सहलीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व पालकांची लेखी संमती घ्यावी. होडी परवानाधारक असावी आणि ठरलेल्या संख्येहून एकही प्रवासी अधिक नसावा. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे. ते बाकाखाली ठेवलेले असून उपयोगी नाही. चढताना, बेटावर आणि परतताना अशी तीनदा हजेरी घ्यावी. कोणत्याही विद्यार्थ्यास पाण्यात उतरू देऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तांडेलाने आज होडी सोडता येणार नाही असे सांगितले, तर तो शब्द अखेरचा मानावा. दूरवरून आलो आहोत, पैसे भरले आहेत, असा आग्रह कोणीही धरू नये. अशा प्रसंगी किनाऱ्यावरून दोन्ही बेटे दाखवून, कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पाहून परतणे हेच शहाणपणाचे होय.

पंचायत सदस्यांनी गावातील शाळेच्या अशा सहलीस साहाय्य करताना खर्चाबरोबर या अटींचीही विचारपूस करावी. खांदेरी राखली ती समुद्राची वेळ ओळखणाऱ्या माणसांनी. तांडेलाचा नकार मान्य करून किनाऱ्यावर थांबलेल्या विद्यार्थ्यालाही त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धडा मिळालेला असतो.